आजारी लेकराच्या उशाशी प्रार्थना: आईबाबांसाठी आणि त्यांना भेटायला जाणाऱ्यांसाठी

लेकरू दवाखान्यात दाखल झालं की ख्रिस्ती घरात पहिल्यांदा प्रार्थनाच होते, आणि दोन-तीन दिवसांत तीच अडखळायला लागते. घरी सवय असते ती गुडघे टेकून, गीत म्हणून, अध्याय वाचून केलेल्या निवांत प्रार्थनेची. वॉर्डात ते जमत नाही. डोळे मिटले की सिस्टर सलाईन बघायला येते, शेजारच्या कॉटवरचं बाळ रडायला लागतं, औषधाची चिठ्ठी हातात पडते. वाक्य अर्धं राहतं. मग आईला वाटतं, आपला विश्वास कमी पडतोय. खरं तर कमी पडलेली असते झोप.

म्हणून दवाखान्यातली प्रार्थना वेगळी बसवावी लागते. ती छोटी हवी, एका श्वासात संपणारी, आणि वॉर्डात रोज जे घडतंच त्याला जोडलेली. वेळ काढून करायची ठरवली तर ती राहूनच जाते.

वॉर्डाच्या वेळापत्रकाला प्रार्थना बांधा

एका दिवसात ठरलेल्या गोष्टी घडतात: सकाळी रक्त काढतात, डॉक्टरांचा राउंड येतो, औषधं दिली जातात, रिपोर्टची वाट बघायची असते, रात्र होते. यांतल्या तीन-चार निवडा आणि प्रत्येकीला एकच वाक्य ठरवून टाका. शब्द रोज बदलू नका. दमलेल्या डोक्याला नवे शब्द सुचत नाहीत, पाठ झालेले मात्र आपोआप ओठांवर येतात.

सुई टोचताना: "प्रभो, तुझ्याही हातांत खिळे ठोकले. हे लवकर होऊ दे. सिस्टरचा हात स्थिर ठेव."

राउंडच्या आधी: "प्रभो, डॉक्टर सांगतील ते नीट ऐकू येऊ दे आणि विचारायचं ते आठवू दे." एवढं म्हणून झालं की वही उघडा आणि तीन प्रश्न लिहा. आज काय तपासणार? औषधात काय बदललं? आम्ही कशावर लक्ष ठेवायचं? मागितलेलं आठवावं यासाठी वहीच उपयोगी पडते.

रिपोर्टची वाट बघताना: "प्रभो, दया कर." उपासनेत आपण हे म्हणतोच. श्वास घेताना "प्रभो", सोडताना "दया कर". वाट बघण्याच्या अख्ख्या तासाला एवढे शब्द पुरतात.

रात्री, बाबा किंवा मावशी उशाशी बसल्यावर: "प्रभो, मी आता झोपते. तू जागा आहेस." स्तोत्र 121 म्हणतं की इस्राएलाचा रक्षणकर्ता झोपत नाही, डुलकीही घेत नाही. मग दोघांनीही रात्रभर जागायची गरज नाही. पाळ्या लावा.

लेकरू एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) किंवा आयसीयूत असेल आणि आईबाबांना आत ठरावीक वेळीच सोडत असतील, तर योहान 4:46-54 वाचा. राजाचा अंमलदार कानात येशूपाशी आला होता, मुलगा तापाने कफर्णहूमात पडलेला. येशू त्याच्या घरी गेला नाही. तिथूनच शब्द बोलला. दाराबाहेरच्या बाकड्यावरून केलेली प्रार्थना आत पोचत नाही असं मानायचं कारण नाही. आत सोडतात तेव्हा मात्र हात धुवा, अंगठी-बांगड्या काढा, आणि बाळ कमी दिवसांचं असेल तर 'कांगारू' पद्धतीने छातीशी धरता येईल का, हे सिस्टरना विचारा. बाळ छातीवर असताना हळू आवाजात म्हटलेलं एखादं गीत ही पूर्ण उपासना आहे.

काय वाचायचं, आणि काय तूर्त बाजूला ठेवायचं

भेटायला येणारे बहुतेक जण स्तोत्र 91 किंवा 23 वाचून जातात. दोन्ही चांगलीच आहेत. पण 91 मधलं "तुझ्या जवळ अरिष्ट येणार नाही" हे वचन, अरिष्ट येऊन बसलेल्या घरात, ऐन वाईट रिपोर्टच्या दिवशी जखमेवर मीठ चोळतं. त्या दिवसासाठी स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांत चार वेळा "कोठवर?" विचारलं आहे. देवाला जाब विचारायला पवित्र शास्त्रातच जागा आहे. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीही नाही. ते रोज वाचू नये, पण ते आहे हे माहीत असावं.

शुभवर्तमानांतला सगळ्यात कामाचा उतारा मार्क 5:21-43, याईराच्या मुलीचा. हा सावकाश वाचावा, कारण त्यात आईबापांसाठी बारीक गोष्टी भरल्या आहेत. वाटेत निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला. येशू त्या निरोपाकडे लक्ष न देता बापाशी बोलतो. घरी रडारड करणारी गर्दी असते, तिला तो बाहेर काढतो. आत फक्त आईबाप आणि तीन शिष्य. बारा वर्षांची मुलगी उठल्यावर तो तिला खायला द्यायला सांगतो. म्हणजे गर्दी कमी करणं आणि लेकराच्या खाण्याकडे बघणं, या दोन्ही गोष्टी या उताऱ्यातूनच शिकता येतात.

मार्क 9:24 मध्ये आजारी मुलाला घेऊन आलेल्या दुसऱ्या एका बापाचं वाक्य आहे, ते तोंडपाठ करा: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला "आधी विश्वास पक्का कर, मग ये" असं सांगितलं नाही. अर्ध्यामुर्ध्या विश्वासाने केलेली ही विनंती चालली.

तूर्त बाजूला ठेवायचा तो 2 शमुवेल 12. दाविदाचं लेकरू आजारी पडतं आणि जातं, आणि तिथे पापाचा संबंध जोडला आहे. आईबाबांचं मन आधीच "आमचं काय चुकलं" या प्रश्नात अडकलेलं असतं. हा उतारा त्यांना आणखी आत ओढतो. त्याऐवजी योहान 9:1-3. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशूचं उत्तर होतं, ह्याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. गरोदरपणात काय खाल्लं, लग्न कोणत्या मंडळीत झालं, मध्ये किती रविवार चुकले असला हिशेब मनात सुरू झाला की हे उत्तर वाचायचं.

रागच आला असेल तर तो सांगा. "प्रभो, मला आज तुझ्याशी बोलायचं नाही. तरी इथे बसलोय." ही प्रार्थनाच आहे. आणि शब्दच नसतील तर रोम 8:26 आठवा: आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आपलं ते काम कोणीतरी करत असतं.

लेकरासोबत प्रार्थना

लहान मुलांना, साधारण सहा-सात वर्षांपर्यंत, आजार ही शिक्षा वाटते. भावाला मारलं म्हणून मला सुई लागली, असा त्यांचा हिशेब असतो. "देव तुझी परीक्षा घेतोय" हे वाक्य त्यांच्या कानात "देव तुला मारतोय" असं उतरतं. ते वापरू नका. आधी स्पष्ट सांगा, "तू काही चुकीचं केलंस म्हणून हे झालं नाही." घरी राहिलेल्या भावंडालाही हेच सांगा. "तू मरच" असं भांडणात म्हटलेलं त्याच्या मनात सलत असतं.

प्रार्थना त्याच्या शब्दांत असू द्या: "येशू, मला भीती वाटतेय. माझ्याजवळ बस. आमेन." खोटं बोलू नका. "प्रार्थना केली की दुखणार नाही" म्हणालात आणि दुखलं, तर सुई आणि प्रार्थना दोन्हींवरचा भरवसा जातो. "दुखेल, पण थोडाच वेळ, आणि मी हात सोडणार नाही" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

त्याला नको असेल तर हट्ट धरू नका. कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करा किंवा गणना 6:24-26 मधला आशीर्वाद म्हणा: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो. झोपलेल्या मुलावरही तो चालतो. किशोरवयीन मुलामुलींशी मात्र दारात चौघांसमोर मोठ्याने प्रार्थना करू नका. त्यांना लाज वाटते आणि ती रास्त आहे.

तेल, हात ठेवणं, बाप्तिस्मा

याकोब 5:14 प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घेणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दवाखान्यात ती करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आधी सिस्टरना विचारा. ऑक्सिजनचा मास्क किंवा नळी चालू असेल तर चेहऱ्याजवळ तेल नको आणि मेणबत्ती तर अजिबात नको. दोन्हींमुळे पेट घेण्याचा धोका असतो. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाच्या अंगाला तेल लावत नाहीत. एक थेंब बोटावर घेऊन तळहाताला लावला तरी तो विधी अपुरा राहत नाही. प्रार्थनेसाठी हात ठेवणाऱ्यांनी आधी हात धुवावेत आणि सुईची, ऑपरेशनची, छातीतल्या नळीची जागा सोडून ठेवावेत. खांदा किंवा पाऊल ही बरी जागा. दोघातिघांचे हात पुरे.

कॅथोलिक घरांत आजाऱ्यांचं तैलाभ्यंग फक्त धर्मगुरूच देतात, कपाळाला आणि हातांना. ते समज आलेल्या मुलांसाठी असतं, म्हणजे साधारण सात वर्षांपासून पुढे. त्याहून लहान लेकराला फादर आशीर्वाद देतात आणि प्रार्थना करतात. "आमच्या बाळाला तैलाभ्यंग नाकारलं" असा गैरसमज यातूनच होतो. बाळाचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर मात्र फादर येईपर्यंत थांबायची गरज नाही. योग्य हेतूने कोणीही तो देऊ शकतं. एनआयसीयूत सिस्टरकडून सिरिंजमध्ये थोडं निर्जंतुक पाणी मागून घ्या, बाळाच्या कपाळावर ते थेंबथेंब वाहू द्या आणि नाव घेऊन म्हणा: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." पाणी वाहिलं पाहिजे आणि शब्द पाण्याबरोबरच म्हटले पाहिजेत, नंतर नाही. मग पॅरिशमध्ये कळवून नोंद करून घ्या. ज्या मंडळ्यांत बालबाप्तिस्मा नाही तिथे पाळकसाहेब बाळाचं समर्पण करतात, आणि तेही खाटेपाशी होऊ शकतं.

औषध आणि प्रार्थना

यात संभ्रम नको. यशया 38 मध्ये हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितलं. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशन दवाखाना उभा केला, तेव्हापासून कित्येक मराठी घरांनी प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली पाहिली आहे.

खालच्या वेळी आधी निघायचं आणि प्रार्थना गाडीत करायची: मूल पाणी किंवा दूध घेत नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकतं, झटका येतो, उठवूनही नीट जागं होत नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे. रुग्णवाहिकेसाठी 108.

"विश्वासाने" औषध बंद करायला सांगणारे प्रचारक भेटतात. मूल बरं दिसायला लागतं तेव्हाच ते जास्त भेटतात. क्षयरोगात काही आठवड्यांतच वजन वाढतं, खोकला थांबतो, पण औषध ठरलेले सगळे महिने घ्यावंच लागतं. टाइप-1 मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत जीवावर बेततं. फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर न थांबणारे झटके येऊ शकतात. डेंग्यूत तर ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. "ताप गेला, प्रभूची स्तुती असो" म्हणून घरी न्यायची घाई तेव्हाच होते आणि तेव्हाच अंगावर येते. स्तुती करावी, आणि डिस्चार्ज डॉक्टर देतील तेव्हाच घ्यावा.

फिटच्या मुलांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. "ह्याच्यात भूत आहे" असं म्हणून अशा मुलांना सभेत धरून आदळआपट केली जाते. मत्तय 4:24 उघडून बघा: तिथे भूतग्रस्त आणि फेफरेकरी हे दोन वेगळे शब्द वेगवेगळ्या माणसांसाठी आले आहेत. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा. पहिलाच झटका असेल किंवा पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना. आपले ओठ मोकळे आहेत, तेवढ्या वेळात "प्रभो, दया कर" म्हणता येतं.

उपवासाचंही तसंच. आजारी मूल उपवास करत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनेही करू नये. बाकीच्यांनी एक जेवण सोडावं आणि तो डबा दवाखान्यात पोचवावा.

पैशांसाठी मागायला संकोच वाटतो. पाळकसाहेबांना नीट आकडा सांगा, आणि त्याच दिवशी दवाखान्यातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो का ते विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. जन्मजात हृदयदोषासारख्या आजारांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही मदत होते.

ग्रुपवर टाकायचा निरोप

प्रार्थना-विनंती धडपणे न लिहिल्याने फार त्रास होतो. फोनवर फोन येतात, नळ्या लावलेल्या लेकराचा फोटो भलत्या गावी पोचतो, आणि कोणीतरी "श्रद्धांजली"सुद्धा टाकून मोकळं होतं. निरोप आईबाबांनी लिहू नये. एक मामा, काका किंवा मैत्रीण नेमावी. असा:

"प्रार्थना-विनंती. आमच्या 6 वर्षांच्या भाचीला डेंग्यूसाठी दाखल केलं आहे. प्रार्थनेचे मुद्दे: तिने पाणी पीत राहावं, आज रात्रीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स स्थिर असाव्यात, तिच्या आईला झोप मिळावी. कृपया आईबाबांना फोन करू नये, भेटायला येऊ नये. पुढची माहिती उद्या संध्याकाळी 7 वाजता मी इथेच देईन. हा मेसेज पुढे पाठवू नये."

नाव, दवाखाना, वॉर्ड आणि फोटो नाही. मुद्दे तीनच, कारण तीन लक्षात राहतात. आणि सांगितलेल्या वेळी निरोप टाकायचाच, "काही बदल नाही" एवढाच असला तरी.

भेटायला जाणाऱ्यांनी

सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. कॅन्सरची औषधं चालू असलेल्या मुलाकडे तर विचारल्याशिवाय जाऊच नका, आणि फुलं-फळं नेऊ नका. दहा मिनिटं थांबा. प्रार्थना दोन मिनिटांची, हळू आवाजात. शेजारच्या कॉटवर दुसऱ्या धर्माचं, तितकंच घाबरलेलं घर आहे. त्यांच्या लेकरासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर मनात करा, त्यांनी सांगितल्याशिवाय त्याच्यावर हात ठेवू नका.

ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस व सात रात्री एकही शब्द काढला नाही. त्यांचं तेवढंच बरोबर होतं. बोलायला लागल्यावर सगळं बिघडलं. "विश्वास वाढवा", "देव झेपेल तेवढंच देतो", "आमच्या ओळखीत असंच एक मूल होतं..." ही वाक्यं दाराबाहेर ठेवून या. "मी आज रात्री बसतो, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या" हे म्हणा. किंवा थेट काम सांगा: "मोठ्याला शाळेत मी सोडते, शनिवारपर्यंत." "काही लागलं तर सांगा" म्हटलं तर कोणीच सांगत नाही.

लेकरू बरं झालं नाही तर

पौलाने आपल्या देहातला काटा, म्हणजे छळणारा त्रास, काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. गेथशेमानेत खुद्द येशूने प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, दूर करण्याची विनंती केली. म्हणून "प्रार्थना कमी पडली" हे वाक्य कोणीही, कधीही, कोणत्याही आईबाबांना म्हणू नये. डॉक्टरांनी आता फक्त वेदना कमी करू असं सांगितलं, तर ते मान्य करणं हा विश्वास सोडणं नाही. तेव्हा प्रार्थनेतली मागणी बदला: दुखू नये, घाबरू नये, आम्ही जवळ असावं.

मूल गेलं तर त्या दिवशी भाषण नको. मूल नाव घेऊन आठवा; पुढच्या वाढदिवसाला, नाताळात, सर्व मृतांच्या स्मरणदिनी आईबाबांना फोन करा. महिने उलटले तरी आई जेवत नसेल, झोपत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही म्हणत असेल, तर पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवेत. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि लेकरू बरं होऊन घरी आलं, तर रविवारी साक्ष द्या, पण लगेच नाही. आधी फॉलो-अपची तारीख पाळा. साक्ष तीन-चार मिनिटांची. डॉक्टर, सिस्टर, रक्त देणारे यांची नावं त्यांना चालत असतील तर घ्या. "आमच्या विश्वासामुळे" म्हणू नका, "देवाच्या दयेने" म्हणा, कारण त्याच मंडळीत असं एक घर बसलेलं असतं ज्यांनीही तेवढीच प्रार्थना केली होती. शक्य असेल तर आदल्या दिवशी त्यांना भेटून सांगा की उद्या आम्ही बोलणार आहोत. त्यांना त्या रविवारी मागच्या बाकावर बसायचं की घरी राहायचं, ते ठरवता येईल.